समाजशास्त्राची सरासरी

कॉलेजच्या तळघरातली फोनची खोली म्हणजे पूर्वी मोडकी बाकं टाकायची जागा. बाकं कुठेतरी हलवली आणि त्यांच्या जागी पदवीधर आणून बसवले, एवढाच काय तो फरक. सहा टेबलं, सहा फोन, सहा संगणक आणि छताला लागून एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून वरच्या रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. यातल्या एका टेबलावर बसणाऱ्या थोरलीला नुसत्या पायांवरूनही माणसाला नावं ठेवता यायची. तीन वर्षं समाजशास्त्र शिकून आणि नऊ लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन तेवढी विद्या तिच्या पदरात पडली होती.

काम म्हणाल तर सोपं होतं. गेल्या पाच-सात वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना फोन लावायचा, सध्या काय करता, किती मिळतं, हे विचारायचं आणि आकडा संगणकात भरायचा. या आकड्यांची सरासरी काढून कॉलेज दरवर्षी एक गुळगुळीत पत्रक छापत असे. ते पत्रक बघून नवी पोरं कर्ज काढत आणि प्रवेश घेत.

फोन लावणारे सहाच्या सहा जण याच कॉलेजचे, आणि इथे येण्याआधी सहाच्या सहा बेकार. यात योगायोग बिलकुल नव्हता. नियम असा की मोजणीच्या महिन्यात पंधरा तारखेला ज्याच्या हातात पगाराचं काहीही काम असेल, तो ‘नोकरीत’ धरायचा. तेव्हा ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशा पोरांना कॉलेजच तीन महिन्यांच्या करारावर घेत असे, ती पंधरा तारीख त्यात बरोब्बर येईल अशा बेतानं. बेकारांना बेकार मोजायला बसवलं की मोजायला बेकार उरतच नाहीत. थोरलीला ही युक्ती पहिल्याच दिवशी कळली आणि तिनं मनातल्या मनात कॉलेजची यथेच्छ धिंड काढली. मग करारावर सही केली, कारण अठरा हजार मिळणार होते.

या सगळ्यावर एक बाई होत्या. त्यांचं नाव पोरांनी ‘सरासरी’ ठेवलं होतं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात ती यायचीच. गोऱ्या, टापटीप, गळ्यात चष्म्याची साखळी. जे फोन उचलत नाहीत त्यांचं काय करायचं, असं थोरलीनं एकदा विचारलं होतं.

“नोंद नाही म्हणजे सरासरीत नाही,” सरासरीबाई म्हणाल्या.

“पण जे उचलत नाहीत त्यांना वाटतं बँकेचा वसुलीवाला आहे. म्हणजे ज्यांचे हप्ते थकलेत तेच नेमके उचलत नाहीत. बाकीचे उचलतात आणि वाढवून सांगतात.”

“हुशार आहेस,” बाई म्हणाल्या, “पण तुला इथे हुशारीसाठी घेतलेलं नाही.”

मागच्या टेबलावरचा एकजण फोन कानाला लावूनच हसला. त्याला सगळे ‘तत्त्वज्ञान’ म्हणत. त्या खोलीत एकमेकांना पदवीच्या विषयानंच हाक मारायची पद्धत पडली होती. थोरली ‘समाजशास्त्र’, पलीकडची ‘मानसशास्त्र’, कोपऱ्यातला ‘इतिहास’. तत्त्वज्ञानाला पेन चघळायची सवय होती आणि दर दुपारी तो टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढायचा. थोरलीच्या लेखी तो मातीचा गोळा होता. खरं तर तिच्या लेखी सगळेच काही ना काही होते. फोन उचलून चाचरणारे भित्रे, मोठ्या आवाजात बोलणारे फुशारकीबाज, सरकारी कचेरीत चिकटलेली मेंढरं. ती एकटीच तेवढी यातलं सगळं ओळखून होती. त्या ओळखण्याचा दर महिन्याला अकरा हजार हप्ता जात होता.

पंधरा तारीख जवळ आली आणि तिच्या यादीत कॉम्रेड निघाला.

कॉम्रेड तिच्याच वर्गातला. दुसऱ्या वर्षाला फीवाढीविरुद्ध त्यानं संप केला होता, फाटकात आडवा पडला होता, दाढी वाढवली होती. शिक्षणाचा बाजार मांडलाय, असं तो रोज ओरडायचा. थोरलीनं त्याला दोन दिवस पाणी नेऊन दिलं होतं. उभ्या आयुष्यात तिनं ज्यांना मान दिला अशा दोन-तीन माणसांत तो मोडायचा.

“नमस्कार, माजी विद्यार्थी कक्षातून बोलतेय. हे संभाषण नोंदवलं जातंय.”

“अगं तूच ना? शेवटच्या बाकावरून प्राध्यापकांच्या चुका काढणारी! आवाजावरून ओळखलं.”

“सध्या काय करतोस?”

“वित्त क्षेत्र. तरुणांच्या भवितव्यात गुंतवणूक, असं म्हण हवं तर.”

“पगार?”

“नव्वद. महिन्याला. हंगामात वर थोडं जास्तच.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “आणि तू? तिथेच आहेस?”

“संशोधनात,” थोरली म्हणाली.

“वा! म्हणजे विषय सोडला नाहीस. कमाल आहे तुझी.”

तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ नव्वद हा आकडा भरलाच नाही. कॉम्रेड विकला गेला याचं तिला वाईट वाटलं नाही. विकला गेला तो नव्वदला गेला आणि आपल्याला कुणी फुकटसुद्धा नेत नाही, याचं मात्र जिव्हारी लागलं. मग तिनं त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि आकडा भरला.

त्याच आठवड्यात फोन लावणाऱ्यांची स्वतःची नोंद करायची पाळी आली. नियमानं कुणी आपली नोंद आपण करायची नाही, दुसऱ्यानं फोनवर विचारायचं आणि संभाषण नोंदवायचं. तेव्हा पाठीला पाठ लावून बसलेल्या थोरलीला तत्त्वज्ञानानं फोन लावला. तिच्या टेबलावर घंटी वाजली आणि तिनं फोन उचलला. त्याचा आवाज एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात मागून येत होता.

“नमस्कार, माजी विद्यार्थी कक्षातून बोलतोय. आपण सध्या नोकरीत आहात का?”

“आहे.”

“क्षेत्र?”

“संशोधन.”

“मासिक पगार?”

आता हा प्रश्न विचारायचं काही कारणच नव्हतं. सहाही जणांना अठराच मिळत होते, एकाच दिवशी, एकाच खिडकीवर. पण थोरलीच्या कानात अजून ते नव्वद घणघणत होतं. कॉम्रेडच्या नव्वदखाली नुसते अठरा कसे लिहायचे?

“पस्तीस,” ती म्हणाली.

मागे क्षणभर पेन थांबलं. मग टकटक करत त्यानं आकडा भरला. वळून पाहिलंसुद्धा नाही. नंतर तिनं त्याला फोन लावला, तेच प्रश्न विचारले, आणि पगाराला आल्यावर तो शांतपणे म्हणाला, “छत्तीस.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः खोटं बोलली याचं काही नाही, पण या झोपाळू माणसानं तिच्या खोट्यावर एक हजार चढवावेत! संध्याकाळपर्यंत खोलीत मानसशास्त्र चाळीसवर गेलं होतं. सरासरीबाईंनी सगळ्या नोंदी गोळा केल्या, बेरीज केली, भागाकार केला, आणि आठवड्याभरात पत्रक छापून आलं. समाजशास्त्र विभाग, पदवीनंतरचा सरासरी पगार बेचाळीस हजार. शेजारी एका हसऱ्या मुलीचं चित्र, जी या कॉलेजात कधीच शिकलेली नव्हती.

ते पत्रक धाकटीनं घरी आणलं.

घर म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर हवेचा पंप धडधडायचा आणि वर भांडी थरथरायची. वडील गेले त्याला बारा वर्षं झाली. आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. वाफेच्या यंत्रानं तिच्या दोन्ही मनगटांवर गुळगुळीत डाग उठले होते. आई कामावर असताना धाकटीची वेणी घालणं, गणितं घेणं, तिला ताप आला की रात्रभर उशाशी बसणं, हे सगळं थोरलीनं केलं होतं. साऱ्या जगाला पाण्यात पाहणारी थोरली या एका पोरीपुढे लोण्यासारखी मऊ व्हायची. आणि धाकटी? ती ताईचे मोठमोठे शब्द ऐकत वाढली होती. जेवताना थोरली शेजाऱ्यांची, नात्यातल्यांची, टीव्हीवरच्या पुढाऱ्यांची अशी काही सालटी काढायची की धाकटी घास हातात धरून ऐकत राहायची. तिलाही तसं बोलायचं होतं. म्हणून अठरा वर्षं पूर्ण होताच तिनं त्याच कॉलेजात समाजशास्त्रालाच अर्ज टाकला, आणि जागा मिळालीसुद्धा.

“अकरा लाख लागतील,” धाकटी म्हणाली. “तुझ्या वेळेपेक्षा फी वाढलीय. पण बेचाळीस हजार मिळायला लागले की काय एवढं?”

“मला आता जामीन राहता येणार नाही,” आई म्हणाली. “थोरलीला मीच होते. आता वर्षभरात मला घरी बसवतील. बँकेला नोकरीतला माणूस हवाय.” मग ती थोरलीकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. “पण तू आहेस की. कॉलेजात आहेस, संशोधनात आहेस. याहून पक्की नोकरी कुठली?”

इथेच घोडं पेंड खात होतं. तळघर, तीन महिने, करार, यातलं थोरलीनं घरी अवाक्षर काढलेलं नव्हतं. ‘संशोधन विभाग’ एवढंच सांगितलं होतं. आई ते लाँड्रीतल्या बायकांना सांगायची, धाकटी मैत्रिणींना. करार या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संपत होता.

पण धाकटीला या खड्ड्यात पडू द्यायचं नाही, हे मात्र तिनं त्याच क्षणी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी वाचवावंसं वाटत होतं.

रविवारी दुपारी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. थोरलीनं विषय काढला. सरळ हिशोबच मांडला.

“हे बघ. अकरा लाखांचा हप्ता चौदा हजारांच्या आसपास जाईल, दहा वर्षं. तीन वर्षं तू कमावणार काहीच नाहीस. पदवी झाल्यावर लगेच नोकरी लागत नाही. मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात आईनं माझे हप्ते भरले. खालच्या गल्लीतली ती नखं रंगवणारी मुलगी बघ. दहावीनंतर सुटली, आज तीस हजार कमावते, कुणाचं एका पैशाचं देणं नाही. तिला गाठायला तुला पस्तिशी उलटेल.”

“मला नखं रंगवायची नाहीत.”

“मलाही नव्हती रंगवायची. म्हणून मी त्या नखवालीहून गरीब आहे.”

“पण सरासरी बेचाळीस आहे ना, ताई?”

“ती खोटी आहे.”

“कशावरून?”

“मीच काढलीय. मी फोन लावते, लोक वाट्टेल ते सांगतात, आम्ही भरतो.”

धाकटीनं हातातली चादर दोरीवर टाकली आणि ताईकडे नीट पाहिलं. “म्हणजे हेच तुझं संशोधन?”

“हेच.”

“आणि तुला किती मिळतात?”

“अठरा.”

शुक्रवारचं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण अठरा ऐकून धाकटीचा चेहरा जो काही झाला, तो पाहिल्यावर तेवढं एक तिच्यानं सांगवेना. तेवढं तरी झाकलेलं राहू दे, असं तिला वाटलं.

“मग तुझी नोंद केली तेव्हा तू किती सांगितलेस?” धाकटीनं विचारलं. हुशार पोरगी. नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायला तिला थोरलीनंच शिकवलं होतं.

“सगळेच वाढवून सांगतात,” थोरली म्हणाली.

“सांगू देत. थोडंफार वाढवत असतील. म्हणून काय सगळे अठरावर बसलेत? बेचाळीसचे तीस धर, तरी तुझ्याहून बरे. म्हणजे कमी तू पडलीस, ताई. विषय नाही.”

“असं नाहीये ते.”

“तसंच आहे. तू मुलाखतीला जातेस आणि समोरच्याचीच परीक्षा घेऊन येतेस. ती संस्था सोडलीस, का? तर तिथले लोक ढोंगी. ती जाहिरातवाली नोकरी सोडलीस, का? तर साहेब अडाणी. सगळ्यांना मूर्ख ठरवायचं आणि घरी येऊन नाकानं कांदे सोलायचे. आई बोलत नाही तुला. मी बघते ना.” तिनं पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला. “मी तशी वागणार नाही. मी मान खाली घालून काम करीन. मला होईल.”

धाकटीनं रिकामी बादली उचलली आणि ती जिना उतरून गेली.

त्यानंतर चार दिवस धाकटी तिच्याशी बोलली नाही. संध्याकाळी चहा केला तर दोनच कप करायची, एक आईचा आणि एक स्वतःचा. थोरली घरात आली की पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत जायची. ताई म्हणून एकदाही हाक मारली नाही. जगानं थोरलीला कितीही हिडीसफिडीस केलं तरी ती उलट जगालाच वेड्यात काढायची, पण या पोरीला वेड्यात काढणं तिला जमेना. ती उपाशी राहिल्यासारखी झाली.

तरीही तिनं मन घट्ट केलं. बँकेत टेबलासमोर बसायचं आणि फक्त खरं सांगायचं, माझा करार शुक्रवारी संपतो. बँक स्वतःच नकार देईल. मग धाकटी चार दिवसांऐवजी चार वर्षं रागवू दे, पण तिच्या मानेवर अकरा लाख तरी बसणार नाहीत.

बँकेनं कर्जाचा मेळावा कॉलेजच्याच मोठ्या सभागृहात भरवला होता. पोरांना प्रवेशाच्या खिडकीवरून थेट कर्जाच्या टेबलावर जाता यावं, मध्ये विचार करायला वाव मिळू नये, अशी सोय होती. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि मनगटं बाह्यांत लपवली होती. तिघी रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आला तेव्हा टेबलामागे कॉम्रेड बसलेला होता.

दाढी सफाचट, गळ्यात बँकेचा पट्टा, तोंडावर तेल लावल्यासारखं हसू. थोरलीला पाहून क्षणभर तो गडबडला, मग उठून उभा राहिला. शेजारच्या टेबलावरून एकानं ओरडून विचारलं, “तुझ्या आज किती सह्या?” आणि कॉम्रेडनं घाईनं बोटांनी नऊ दाखवले. थोरलीला एका क्षणात सगळं कळलं. त्याला पगार नव्हताच. प्रत्येक सहीमागे जे काय सुटेल ते, आणि तेही प्रवेशाच्या हंगामापुरतं. शर्टाची कॉलर उलटी शिवून घेतलेली होती. ज्या फाटकात फीसाठी आडवा पडला, त्याच फाटकातून आत येऊन हा पोरांना फीसाठी कर्ज विकत होता. आणि याच्या नव्वद हजारांनी सरासरी वर नेली होती! थोरलीला इतका तिटकारा आला की एरवी तिला त्यातच आनंद वाटला असता.

“मी पण समाजशास्त्राचाच,” कॉम्रेड धाकटीला म्हणाला. “तुझ्या ताईच्या वर्गात होतो.”

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ अगदी स्पष्ट होता. बघ, याला जमलं.

“ही आमची थोरली,” आई म्हणाली. “संशोधनात आहे. हीच जामीन राहणार.”

“छान, छान. मासिक पगार किती लिहू?”

थोरलीचं वाक्य तयार होतं, करार शुक्रवारी संपतो. तिनं तोंड उघडलं, पण कॉम्रेडनं तिचा चेहरा वाचला. तो टेबलावरून पुढे झुकला आणि अगदी हळू, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे बघ, नसेल जमत तर राहू दे. यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यांचंच मार्गी लागतं असं थोडंच आहे? दुसरं कुणी असेल नात्यात तर बघू.”

तो हळू बोलला, पण आईनं ऐकलं. आईची मान खाली गेली. लाँड्रीतल्या बायकांना आता काय सांगायचं, हे तिच्या चेहऱ्यावर उमटलं. धाकटी छताकडे बघत होती. आपला आणि या बहिणीचा काही संबंध नाही, अशा थाटात ती उभी होती. आणि हा उलट्या कॉलरचा माणूस, हा दलाल, थोरलीला समजून घेत होता. तिनं सगळं सहन केलं असतं. ते समजून घेणं सहन झालं नाही.

“पस्तीस हजार,” थोरली म्हणाली.

“कायम?”

“कायम.”

कॉम्रेडचं पेन अडलं. त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे थोरलीलाही ठाऊक होतं. मग त्यानं लिहिलं. त्याची दहावी सही होणार होती.

“पगाराचा दाखला लागेल,” तो म्हणाला, “पण कक्ष इथेच आहे. मी आणतो.”

थोरलीला वाटलं, सुटले. सरासरीबाई सही करणार नाहीत, अठराचे पस्तीस कोण करून देईल? पण पाच मिनिटांत कॉम्रेड शिक्का मारलेला कागद घेऊन आला. कक्षाच्या नोंदीत सदर विद्यार्थिनीचा पगार पस्तीस हजार असल्याचं दिसतं, असं त्यावर लिहिलं होतं. बाईंनी बिनदिक्कत सही ठोकली होती. नोंद होती ना! एका प्रवेशाचा प्रश्न होता, आणि बाईंना प्रवेशांचीही सरासरी राखायची होती.

कॉम्रेडनं कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं. अजूनही उठून जाता आलं असतं. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीची नजर छतावरून खाली आली होती, ओठ दाताखाली धरून ती ताईच्या हाताकडे बघत होती. लहानपणी ताप उतरला की ती अशीच बघायची.

थोरलीनं सही केली. चांगली ठसठशीत केली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. आई पुढे जाऊन बसची चौकशी करत होती. धाकटीनं मागून येऊन थोरलीच्या दंडात हात घातला आणि तिला बिलगून चालायला लागली.

“मला वाटलं ऐनवेळी कच खाशील,” ती हसून म्हणाली. “पण आकडा काय झोकात सांगितलास, ताई!”

ताई म्हणाली. थोरलीला बरं वाटलं. अकरा लाख मानेवर घेऊन ती पायऱ्या उतरत होती आणि तिला आतून इतकं बरं वाटत होतं की स्वतःची किळस यावी.

“मी गच्चीवर फार बोलले,” धाकटी म्हणाली. “मनात ठेवू नकोस. तुला नाही जमलं तर नाही जमलं, तुझा काय दोष? मी शिकले की तुझेही हप्ते भरीन. खरंच भरीन.” तिनं थोरलीचा दंड थोपटला, आजारी माणसाला थोपटतात तसा. “आणि तोवर तू आहेसच. अठरा तर अठरा, पण नोकरी कायमची आहे ना? मग मला कसली भीती?”

आईनं खालून हात केला. बस आली होती.

“हो,” थोरली म्हणाली. “कायमची आहे.”